छेदातली माणसं

आगरदांड्याच्या धक्क्याला फेरीबोट टेकते तेव्हा दोन तालुके थोडा वेळ एकमेकांना चिकटतात. अलीकडे मुरूड, राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी, म्हणजे श्रीवर्धन तालुका. मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या उतरतात आणि त्यांच्यामधून वाट काढत एखादी आठव्या महिन्यातली सून आईचा हात धरून खाली येते. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी चालली आहे. पिशवीत तिचं माता-बाल संरक्षण कार्ड आहे आणि त्यावर पलीकडच्या उपकेंद्राचं नाव आहे. घटकाभरात ती खाडी ओलांडते. सरकारी नोंदीत मात्र तिनं फार मोठं अंतर कापलेलं असतं. पलीकडच्या केंद्राच्या खात्यात एक बाळंतपण कमी पडणार, अलीकडच्या केंद्राच्या खात्यात एक जास्त येणार. अशा सुना वर्षभर जात-येत राहिल्या की मार्चअखेरच्या तक्त्यात एका केंद्रापुढे ८० टक्के दिसतात आणि दुसऱ्यापुढे ११०. पहिल्याला कारण विचारलं जातं, दुसऱ्याचं कौतुक होतं. कामात दोघांच्या काहीच फरक नसतो.

हे पुस्तक त्या तक्त्याविषयी आहे. ग्राम आरोग्य समितीत किंवा रुग्ण कल्याण समितीत बसणारे सदस्य, सरपंच, आशाताई, नव्यानं रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, या सगळ्यांच्या हातात तो कधी ना कधी येतो. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी आणि शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. आपल्या केंद्रानं चांगलं काम केलं की नाही, हे त्या चार रकान्यांवरून ठरवायचं असतं. बहुतेकांची नजर तिसऱ्या रकान्यावर जाते आणि तिथेच थांबते. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक आहे, त्याला अंश असतो आणि छेद असतो, हे चौथी-पाचवीत शिकलेलं आपण आरोग्य केंद्राच्या पायरीवर विसरतो. अंश सगळे बघतात: किती लसी टोचल्या, किती बाळंतपणं झाली. छेद कुठून आला, हे कोणी विचारत नाही. माझ्या अनुभवात आरोग्यसेवेच्या मूल्यमापनात झालेल्या बहुतेक चुका आणि बहुतेक अन्याय छेदात लपलेले असतात.

तो छेद असा तयार होतो. केंद्राच्या क्षेत्रातली लोकसंख्या घ्यायची, तिला जन्मदरानं गुणायचं, येणारी संख्या म्हणजे वर्षभरात अपेक्षित जन्म. गर्भपात आणि उपजत मृत्यू धरून त्यात १० टक्के मिळवले की अपेक्षित गरोदर माता. लोकसंख्या २५ हजार आणि जन्मदर हजारी १५ धरला तर ३७५ जन्म आणि साधारण ४१२ गरोदर माता. गणित बरोबर आहे. पण ती २५ हजार माणसं कुठली? शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. म्हणजे आजचा आकडा जुन्या आकड्याला वाढीचा दर लावून काढलेला असतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रायगड जिल्हा १९ टक्क्यांनी वाढला. ही वाढ कुठे झाली, हे पनवेलची इमारतींची रांग पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. त्याच दहा वर्षांत दक्षिणेकडच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुरूडच्या किनाऱ्यावरची गावं मनानं आणि चालीनं त्या दोन जिल्ह्यांच्या जवळची आहेत. घरटी एखादं माणूस तरी मुंबईला, कित्येक घरांना कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं. अशा गावांना जिल्ह्याचा वाढीचा दर लावला की कागदावर जी माणसं जन्माला येतात, ती गावात कधीच सापडत नाहीत. सिस्टर मात्र त्यांना वर्षभर शोधत राहते.

किनाऱ्यावरच्या एका तालुक्यातली मासिक सभा मला अजून आठवते. एका उपकेंद्राचं बालकांच्या संपूर्ण लसीकरणाचं उद्दिष्ट होतं ६० आणि साध्य ४३. टक्केवारी ७२. आरोग्यसेविकेला उभं करून विचारणा झाली, उरलेली १७ मुलं कुठे आहेत? ती उभी राहिली, काही बोलली नाही, पुढच्या महिन्यात करते म्हणाली. चहाच्या वेळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. घरयादीवरून हातानं केलेली नावांची यादी होती ती. तिच्या क्षेत्रात त्या वयाची मुलं होती ४७. साठ नव्हतीच. तेरा मुलं जन्मलीच नव्हती. ४७ पैकी ४३ झाली होती. उरलेल्या चारांची नावं तिनं खाली वेगळी लिहिली होती. दोन कातकरी वाडीवरची, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली. एक मुंबईला काकाकडे. एकाला मागच्या डोसानंतर ताप चढला म्हणून आजी पुढचा डोस देऊ देत नव्हती.

सभेत तासभर त्या सतरांची चर्चा झाली. त्या चारांना एक मिनिटही मिळालं नाही. मला तेव्हापासून असं वाटतं, की मूल्यमापन कसं असू नये याचा याहून चांगला धडा कुठल्या ग्रंथात मिळणार नाही. जी मुलं अस्तित्वातच नाहीत त्यांच्यासाठी एक प्रामाणिक बाई बोलणी खाते, आणि ज्यांना गोवर होऊ शकतो त्या चार मुलांपर्यंत पोचायला तिला गाडी, सुट्टीच्या दिवसाचा बदली माणूस किंवा भट्टीच्या तालुक्यातल्या सिस्टरचा फोन नंबर यांतलं काहीच कोणी देत नाही.

यावरून मी उद्दिष्टांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. उद्दिष्टं नसती तर किनाऱ्यावरच्या गावांना मागणी करायला काही आधारच राहिला नसता. मूळचे नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, तीच मुळी किती माणसांमागे किती खाटा, किती डॉक्टर अशा आकड्यांत. आज सपाट भागात ३० हजारांमागे आणि डोंगरी, आदिवासी भागात २० हजारांमागे एक केंद्र हवं, हा निकष आहे म्हणून एखाद्या गावाला ते मागता येतं. २००४ ते २००६ या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या आणि महाराष्ट्रात १३०. २०१८ ते २०२० मध्ये हे आकडे ९७ आणि ३३ वर आले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२० पर्यंत मातामृत्यू शंभरावर आणायचं ठरवलं होतं, देशानं ते गाठलं. १२ एप्रिल २००५ ला सुरू झालेलं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, आशाताई, जननी सुरक्षा, २०१४ पासून महाराष्ट्रात धावणारी १०८ ची रुग्णवाहिका यांच्यामागे कोणीतरी आकडा समोर ठेवून पाठपुरावा केला होता. ज्या बाया वाचल्या त्या खऱ्या आहेत.

अडचण येते ती देशाचा किंवा राज्याचा आकडा जसाच्या तसा उपकेंद्राच्या भिंतीवर टांगला की. लाखामागे ३३ हे प्रमाण आपल्या २५ हजारांच्या केंद्राला लावून पाहा. ३७५ जन्मांच्या हिशेबानं तिथे सरासरी आठ वर्षांत एक मातामृत्यू येईल. सात वर्षं शून्य आणि आठव्या वर्षी एक, तर त्या आठव्या वर्षी केंद्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे २६७ होतं. केंद्र एका वर्षात बिघडलं का? मुळीच नाही. इतक्या छोट्या संख्येवर प्रमाण काढूच नये. तिथे काढायची असते ती त्या एका मृत्यूची हकीकत. रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, गाडी किती वाजता आली, मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त होतं का, पुढे अलिबागपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर कसे गेले. मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत याचसाठी आहे. आणि तिच्यातून जवळजवळ नेहमी हेच निघतं, की बाई एका केंद्रात मरत नाही, ती दोन केंद्रांच्या मधल्या रस्त्यावर मरते. मग गुण कोणाचे कापायचे? गुण द्यायचेच असतील तर सगळ्या साखळीला मिळून द्यायला हवेत, आणि आपल्या तक्त्यात साखळीसाठी ओळ नाही.

बालमृत्यूचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर २०२० मध्ये हजारी १६ होता. आपल्या केंद्रात म्हणजे वर्षाला सहा अर्भकं दगावतील असा अंदाज. एखाद्या वर्षी तीन होतील, एखाद्या वर्षी नऊ, हा नुसता योगायोगाचा खेळ असू शकतो. पण नोंदवहीत ओळीनं दोन वर्षं शून्य दिसलं तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. ते शून्य फार चांगल्या कामाचं असू शकतं. पण घरी गेलेलं, पुरलेलं आणि कोणी न लिहिलेलं बाळ असण्याची शक्यता त्याहून मोठी असते. महाराष्ट्राला हे कळायला फार वर्षं लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावोगावी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू स्वतः मोजायला सुरुवात केली, आधी मोजणी पक्की केली आणि मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं दाखवून दिलं की राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. त्या वेळी मोठा वाद झाला. आज मागे वळून पाहताना मला त्यातली एकच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मृत्यू लपवल्यानं केंद्राची टक्केवारी सुधारत असेल तर मृत्यू लपवले जाणार, आणि लपवलेल्या मृत्यूतून कोणी काही शिकणार नाही. ज्या केंद्रात बालमृत्यूची नोंद जास्त होते त्या केंद्राला आधी शाबासकी द्यायला हवी, मग प्रश्न विचारायला हवेत. हा क्रम आपल्याकडे अजून रुजलेला नाही.

भीतीचा इतिहास या खात्यात जुना आहे. गावातली म्हातारी माणसं ‘टार्गेट’ हा शब्द अजून एकाच अर्थानं वापरतात. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशाला नसबंदीचं सुमारे ४३ लाखांचं उद्दिष्ट होतं आणि शस्त्रक्रिया झाल्या ८२ लाखांवर. तक्त्यात लिहायचं तर साध्य जवळजवळ दुप्पट. त्या वर्षी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना ‘केसेस’ द्यायच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचा कायदाच संमत केला होता, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं तो अमलात आला नाही. आरोग्य कर्मचाऱ्याला पाहून दार लावून घेण्याची सवय तेव्हा लागली आणि पुढची कित्येक वर्षं लसीच्या पेटीलाही ती नडली. एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारनं कुटुंबनियोजनातली वरून लादलेली उद्दिष्टं काढून घेतली. शब्द बदलला, ‘अपेक्षित कार्यपातळी’ आली. सभेत विचारण्याची पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनं २००० नंतर रुग्णालयांना तारे द्यायला सुरुवात केली आणि तातडीच्या विभागात आलेल्या माणसाचा निकाल चार तासांत लागलाच पाहिजे असं ठरवलं. प्रतीक्षा खरोखरच कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण काही ठिकाणी रुग्णवाहिका रुग्णाला घेऊन दाराबाहेर उभ्या राहू लागल्या, कारण आत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू होतं. आपल्या क्षयरोग कार्यक्रमात अनेक वर्षं दोन आकडे प्रमाण मानले जात: ७० टक्के नवे रुग्ण शोधायचे आणि त्यांतले ८५ टक्के बरे करायचे. हेतू उत्तम. पण ज्याला पत्ता नाही, जो दारू पितो, जो दर दोन महिन्यांनी बोट बदलतो अशा खलाशाचं नाव रजिस्टरला घेतलं की बरे होण्याची टक्केवारी धोक्यात येते. त्याचं नावच न घेणं हा मोह अशा मोजणीत आपोआप तयार होतो. आणि क्षयरोग पसरवण्याची शक्यता नेमकी त्याच्याकडूनच सर्वांत जास्त. २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचं राष्ट्रीय उद्दिष्ट होतं. २०१५ ते २०२३ या काळात रुग्णांचं प्रमाण लाखामागे २३७ वरून १९५ पर्यंत उतरलं. घट मोठी आहे, मुक्ती दूर आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

काय मोजायचं, याचीही एक गोष्ट सांगतो. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या दिल्या की नोंद पूर्ण होते. गोळ्या दिल्या, म्हणजे हातात ठेवल्या. मळमळ होते, बद्धकोष्ठ होतं, सासू म्हणते गोळ्यांनी मूल मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल, आणि पाकीट फळीवर राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत ५४.२ टक्के. गोळ्यांच्या वाटपाचे तक्ते या काळात भरत होते. वाटप मोजणं सोपं म्हणून आपण वाटप मोजतो. बाईच्या रक्तातलं हिमोग्लोबिन पहिल्या भेटीत किती होतं आणि नवव्या महिन्यात किती, या दोन आकड्यांमधलं अंतर एका साध्या वहीत लिहिता येतं. ज्या सिस्टर ते लिहितात त्यांना गोळीबरोबर काय खायचं, चहा किती वेळानं प्यायचा, हे सांगायची वेळ बरोबर कळते.

अलीकडे गुणवत्तेचं मोजमाप पुष्कळ सुधारलं आहे, हेही नोंदवायला हवं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांत ७० टक्के गुण मिळाले तर केंद्राला प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यात नुसती आकडेवारी नसते. तपासनीस प्रसूतिगृहात उभा राहतो, सिस्टरला विचारतो की बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करशील, रुग्णाशी बोलतो. २०१५ पासून ‘कायाकल्प’मध्ये स्वच्छतेला बक्षीस आहे. मी पाहिलेल्या केंद्रांमध्ये या तयारीनं खरा फरक पडला, हात धुवायच्या नळाला पाणी आलं, कचऱ्याच्या पिशव्या वेगळ्या झाल्या. प्रश्न एवढाच उरतो, की तपासणीच्या आदल्या आठवड्याचं केंद्र आणि ऑगस्टमधल्या मुसळधार मंगळवारचं केंद्र यांतलं कोणतं मोजायचं. मंगळवारचं केंद्र फक्त गावाला दिसतं. म्हणून २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झालेली लोकाधारित देखरेख मला फार मोलाची वाटते. गावकऱ्यांनी स्वतः केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर बसून बोलायचं. सुरुवातीला डॉक्टर आरोपीसारखे बसत. पुढे काही ठिकाणी गाव आणि डॉक्टर मिळून रिकाम्या जागांसाठी, औषधांसाठी वरच्या कार्यालयाला प्रश्न विचारू लागले. वरून आलेलं उद्दिष्ट खाली उतरतं, तसा खालून निघालेला प्रश्न वर चढण्याची एवढी एकच वाट मी पाहिली आहे.

शेऱ्याच्या रकान्याबद्दल थोडं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मुरूड, श्रीवर्धनमधल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. त्या महिन्यात किनाऱ्यावरच्या केंद्रांत लसीकरण कमी दिसलं तर त्याचं कारण शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्दांत मावतं. पण संगणकावरच्या मासिक अहवालात टक्केवारी पुढे जाते, शेरा मागे राहतो. पाच वर्षांनी आलेख काढणाऱ्याला जून २०२० मध्ये फक्त एक खड्डा दिसतो. पुढच्या पानांत शेरा कसा लिहावा यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे. ते लांब झालं आहे याची मला कल्पना आहे. कापायला सांगितलं होतं, मी कापलं नाही.

पहिलं प्रकरण घरयादीचं आहे. वर्षातून एकदा घरोघर जाऊन, कुलूप लावलेली घरंही मोजून, आपल्या गावाचा छेद आपणच कसा काढायचा ते त्यात आहे. माहेरी आलेली आणि माहेरी गेलेली, भट्टीवर गेलेली, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच घरी सापडणारी, अशा सगळ्यांसाठी त्यात वेगळे रकाने आहेत. हे रकाने माझे नाहीत. त्या मासिक सभेत उभ्या राहिलेल्या सिस्टरच्या हातच्या कागदावरून ते घेतले आहेत. तिच्या यादीत भट्टीवरच्या त्या दोन मुलांच्या नावांपुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘शिमग्याला येतील’. आणि त्याखाली, होळीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख, वाडीवरच्या जादा सत्राची.